खतावणीतला गुग्गुळ



मागच्या दिवाळीला चोपडीपूजनाच्या आधी दुकानाचा पोटमाळा आवरायला काढला. राळेगणसिद्धीतलं आमचं किराणा-भुसाराचं दुकान आता मुलगा बघतो. पण पोटमाळा म्हणजे बापूजींचं, माझ्या सासऱ्यांचं राज्य. तिथे लाल कापडी पुठ्ठ्याच्या पंधरा-वीस चोपड्या निघाल्या. रोजमेळ, खतावण्या, उधारीच्या वह्या. मी बी.कॉम. असल्यामुळे रद्दीवाल्याला द्यायचं जिवावर आलं. चष्मा लावून बसले ती दोन दिवस उठलेच नाही.

वही वाचता वाचता एक गंमत दिसली. बापूजी काष्ठौषधीही ठेवत. हिरडा, बेहडा, सुंठ, पिंपळी, वावडिंग, गुग्गुळ. गुग्गुळ बऱ्याच नावांसमोर दिसतो. कुणी धुपासाठी नेला, कुणी म्हातारीच्या सांध्यांसाठी. पण १९७२-७३ च्या वहीत एकाही माणसाने तो चरबी उतरवण्यासाठी नेला असेल अशी शंकासुद्धा येत नाही. ते दुष्काळाचं वर्ष. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, नगरला माहेरी. लाल मिलोच्या भाकरीचा वास आणि रोजगार हमीच्या कामांवर वाटली जाणारी सुकडी मला अजून आठवते. राळेगणच्या उधारीच्या वहीत त्या वर्षी मीठ, मिरची, रॉकेल, काडेपेटी एवढंच. तेल पावशेर-अर्धा पावशेर. साखर जवळजवळ नाहीच.

आज त्याच घरांतल्या सुना माझ्याकडे येऊन विचारतात, “काकी, चरबी कमी करायच्या त्या गोळ्या तुम्ही ठेवता का?” पन्नास वर्षांत एवढं सगळं कसं फिरलं, आणि या गोळ्या आल्या कुठून, हे मला शोधायचं होतं. खरं सांगायचं तर शोधायला लागलं. त्याचं कारण माझी धाकटी जाऊ आहे. ते पुढे सांगते.

राळेगणची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. पारनेर तालुका पर्जन्यछायेतला, वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. ओलिताची जमीन फार थोडी, गावात दारूच्या भट्ट्या. १९७५ साली अण्णा हजारे लष्करातून परत आले. स्वतःच्या पैशातून यादवबाबांचं मंदिर दुरुस्त केलं. मग भट्ट्या बंद, मग नालाबंडिंग, पाझर तलाव, डोंगरउतारावर चर. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री. एका होळीला गावच्या दुकानांतली विडी-सिगारेट-तंबाखू गोळा करून जाळली. बापूजींचाही माल त्यात गेला. रोजमेळात त्यांनी ती रक्कम खर्ची टाकली आणि शेजारी बारीक अक्षरात ‘पुण्य खाते’ असं लिहिलं आहे. हिशेबाच्या कोणत्याही पुस्तकात असं खातं नाही.

जाता जाता सांगते. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत तळी-सरोवरं आटवण्याचा धंदा येतो. ‘सर-द्रह-तलाव-शोषण’ आपण प्रतिक्रमणात दरवेळी म्हणतो. १९८२ साली लग्न होऊन इथे आले, तेव्हा भरलेला पाझर तलाव बघून मला पहिल्यांदा हाच पाठ आठवला होता.

पाणी आलं तसं कांदा आला, दूध आलं, पैसा आला. वहीत हे अगदी सरळ दिसतं. आधी तेल डब्याने जायला लागलं, मग साखर पोत्याने, मग बिस्किटं, शेव-फरसाण, थंड पेयांचे क्रेट. बाजरी आणि हुलगे खाली सरकत गेले, गहू वर चढला. यात वाईट काय? भुकेलेल्या माणसाने पोटभर खाल्लं. पण मग साखरेचा आजार, रक्तदाब, गुडघे हे सगळं एवढ्या लवकर, एवढ्या घरांत का आलं? आणि बारीक दिसणाऱ्या माणसांतही का आलं?

याचं उत्तर फार लांब नाही, पुण्यातच मिळालं. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. गावं आपल्यासारखीच, कोरडवाहू. आया सरासरी बेचाळीस किलोच्या. बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं वजन ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान, पोट आणि स्नायूंतही कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचं. आईच्या पोटात असताना शरीर जणू हिशेब करतं की बाहेर दुष्काळ आहे, तेव्हा स्नायूंवर खर्च करू नकोस, शिल्लक चरबीत टाक. पुढे जन्मल्यावर बाहेर दुष्काळ नसतो, फरसाण असतं, आणि तो जुना हिशेब अंगावर येतो.

याज्ञिकांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलं आणि जगभर गाजलं. ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, अगदी सारखा. युडकिनच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर उभं राहून ‘मी कुठे जाड आहे?’ म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी ते चित्र आहे. वजनकाट्यापेक्षा कमरेला गुंडाळलेली शिंप्याची टेप जास्त खरं बोलते.

याच अभ्यासात आपल्यासाठी आणखी एक गोष्ट निघाली. त्यातल्या बऱ्याच आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, कारण ते वनस्पतीत जवळजवळ नसतंच. आईत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असेल, तर मुलांत पुढे इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण अधिक दिसलं. आपण शाकाहारी, वर अनेकींनी दूध-दही सोडलेलं. ही तपासणी स्वस्त आहे. कुठल्याही काढ्याच्या आधी ती करा, एवढं मी हक्काने सांगते.

आता ‘दाह’ या शब्दाकडे येते, कारण हल्ली प्रत्येक बाटलीवर तोच छापलेला असतो. पूर्वी डॉक्टरही चरबीला निव्वळ गोदाम समजत. जास्त माल आला, आत टाकला. १९९३ साली अमेरिकेत हॉटामिस्लिगिल आणि स्पीगलमन यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांची चरबी टीएनएफ-अल्फा नावाचा दाह वाढवणारा पदार्थ तयार करते, आणि त्यामुळे इन्शुलिनचं काम अडतं. २००३ साली आणखी कळलं की वाढलेल्या चरबीत रक्तातल्या सफाई करणाऱ्या पेशी येऊन ठाण मांडतात. म्हणजे हे गोदाम शांत नसतं. ओल्या गवताची गंजी आतून धुमसते तसं ते धुमसत असतं. ज्वाळा दिसत नाहीत, ताप येत नाही, पण गुडघ्यांना, रक्तवाहिन्यांना, यकृताला ती ऊब लागत राहते.

हे वाचलं आणि मला आपल्या जुन्या वैद्यांचं नवल वाटलं. सूक्ष्मदर्शक नसताना सुश्रुतसंहितेत लिहून ठेवलंय की मेद वाढला की शरीरातले मार्ग अडतात, इतर धातूंना पोषण मिळत नाही, आणि मग प्रमेह, व्रण, वाताचे विकार येतात. चरकाने तर अतिस्थूल माणसाला निंदित आठांत बसवलं आणि स्थूलपणापेक्षा कृशपणा बरा म्हटलं. सुश्रुतातल्या उपायांची यादी मी नीट पाहिली. शिलाजित, गुग्गुळ, गोमूत्र, त्रिफळा, लोहभस्म, रसांजन, मध. आणि त्याच ओळीत पुढे जव, मूग, कोद्रू, सावा यांसारखी रुक्ष धान्यं आणि व्यायाम. ही यादी लक्षात ठेवा. पुढच्या दोन हजार वर्षांचा व्यापार या यादीतून काय उचललं आणि काय टाकलं याचाच आहे.

आपल्या बायकांची पहिली अडचण या यादीतच येते, ती म्हणजे मध. चरकही मेदावर मध सांगतो, आणि आजही कुणीही उठतं आणि म्हणतं, सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू घ्या. आपल्याकडे मध महाविगईत. मांस, मदिरा, लोणी आणि मध एका रांगेत. मग जैन रोग्याने करायचं काय? हा प्रश्न फार जुना आहे. नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनी ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ रचला. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या सभेत वैद्यांसमोर मांस औषधातही का नको यावर त्यांनी केलेलं विवेचन त्यात ‘हिताहित’ अध्याय म्हणून जोडलेलं आहे. ग्रंथ दिगंबर परंपरेतला, आपण स्थानकवासी, पण अभिमान दोघांनाही वाटावा. तो छापून प्रसिद्ध झाला आपल्याच सोलापुरात, १९४० साली, पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या हिंदी अनुवादासह. धर्म सांभाळून औषध कसं घ्यायचं हा वाद राजसभेत होत होता. आपल्याकडे तो किटी पार्टीत होतो, इतकाच फरक.

आता गुग्गुळ. १९६६ साली बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती या विदुषीने सुश्रुतातलं ते मेदोरोगाचं वर्णन हाती घेतलं आणि तिला वाटलं, हे आजच्या कोलेस्टेरॉलच्या, रक्तवाहिन्या तुंबण्याच्या वर्णनाशी जुळतंय. सशांना चरबीयुक्त खाद्य दिलं, काहींना सोबत गुग्गुळ. गुग्गुळवाल्यांचं कोलेस्टेरॉल कमी राहिलं. ससे पिंजऱ्यात घालून केलेलं हे काम, त्यामुळे मन खट्टू होतं, पण इतिहास आहे तो सांगायला हवा. एका बाईने जुनी पोथी वाचून नव्या औषधाची वाट उघडली, हेही त्यातच आलं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने पुढे इथाइल ॲसिटेट या द्रावकात डिंक विरघळवून त्याचा अर्क काढला. न विरघळणारा गाळ टाकून दिला, विरघळलेल्या भागातली गुग्गुलस्टेरॉन हीच कामाची ठरवली. त्याचं नाव गुगुलिपिड. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या सिप्ला कंपनीने ते बाजारात आणलं.

बघा, सुश्रुताच्या यादीतून गुग्गुळ उचलला, सावा-कोद्रू-मूग तिथेच राहिले. गुग्गुळातूनही अर्क उचलला, गाळ राहिला. व्यापारी घरातली असल्यामुळे मला हे कळतं. ज्याला वेष्टन घालता येतं तेच विकता येतं. सावा खा, शेतात चाल, यावर काय छापील किंमत लावणार?

आपल्याकडच्या चाचण्यांत गुगुलिपिडचे निकाल चांगले आले. १९९४ च्या एका चाचणीत ६१ रुग्ण होते, वाईट कोलेस्टेरॉल साडेबारा टक्के उतरलं. २००२ साली ‘सायन्स’मध्ये गुग्गुलस्टेरॉन पेशीतल्या कोणत्या कुलपाला अडवतं हेही छापून आलं. सगळीकडे आनंदीआनंद. आणि २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या झापरी यांची चाचणी आली. १०३ माणसं, आठ आठवडे. ज्यांना गुगुलिपिड दिलं त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी चार-पाच टक्के वाढलं. नुसती फसवी गोळी घेतलेल्यांचं मात्र उतरलं. काहींना अंगावर पुरळ आलं. आपल्या आणि त्यांच्या चाचणीत आहार वेगळा, माणसं वेगळी, हे सगळं म्हणता येतं. पण हा ताळेबंद मला तरी जुळवता आला नाही.

गुग्गुळाबद्दल आपल्याला आणखी एक गोष्ट टोचायला हवी. तो येतो आपल्या पूर्वजांच्या मारवाडातून आणि कच्छमधून, काटेरी झुडपाच्या खोडाला चिरा देऊन. हळूहळू घेतला तर झाड जगतं. मागणी वाढली तशा चिरा खोल गेल्या, डिंक जास्त यावा म्हणून वर रसायनं लागली, आणि झाडं उभ्याने वाळली. आज ती वनस्पती जगाच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. पंधरा कर्मादानांत वनकर्मही आहे. आपल्या पोटाचा घेर कमी व्हावा म्हणून थरच्या वाळवंटातलं झाड मरावं, हे नवकारशी करून गोळी गिळताना कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

आमसुलाची गोष्ट थोडक्यात, कारण तिच्यात फार जीव नाही. म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेत १९६५ साली लुइस आणि नीलकंठन यांनी आमसुलाच्या दक्षिणेतल्या भावंडाच्या, मलबारी चिंचेच्या फळातलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल ओळखलं. तेच आम्ल आपल्या कोकणच्या आमसुलातही असतं. त्यावर परदेशात वजन उतरवण्याच्या गोळ्यांचा महापूर आला. १९९८ साली अमेरिकेत १३५ लोकांवर बारा आठवडे नीट चाचणी झाली. अर्क घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोने उतरलं, फसवी गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलोने! आमटीत आमसूल घाला, चव येते. तेवढ्यावर खूश राहा.

हळदीचा मात्र वेगळा थाट. १८१५ साली युरोपात तिच्यातलं पिवळं द्रव्य वेगळं झालं, कुरकुमिन. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाला हळदीने जखम भरण्याचं पेटंट मिळालं. तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून दिल्लीला वैज्ञानिक परिषदेचे महासंचालक म्हणून गेलेले डॉ. रघुनाथ माशेलकर लढले. संस्कृत ग्रंथ, जुन्या वैद्यक नियतकालिकांतले लेख असे पुरावे लावले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या आज्यांची हळद परत आली. पण कुरकुमिनच्या अर्काचं पुढे काय झालं ते कमी जणींना माहीत असतं. दाहावर कुरकुमिन कसं चालतं यावर शेकडो लेख लिहिणारे अमेरिकेतले भरत अग्रवाल यांचे बरेच लेख गैरप्रकारांच्या शंकेने मागे घेतले गेले. शिवाय कुरकुमिन रक्तात फारसं जातच नाही. १९९८ साली बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की मिऱ्यातलं पायपेरिन सोबत दिलं तर ते वीसपट शोषलं जातं. झालं, सगळ्या गोळ्यांत मिरे आले. आणि २०१९ साली इटलीत अशा गोळ्या घेणाऱ्यांना कावीळ झाल्याच्या वीसेक घटना पुढे आल्यावर तिथल्या सरकारने सूचना छापायला लावली. भाजीतली चिमूटभर हळद आणि तिचा घट्ट, शोषून घेतला जाणारा अर्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आता पुण्याची ती चाचणी, जिच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. माशेलकरांच्याच काळात सुरू झालेल्या सरकारी योजनेतून पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन आणि संधिवाताचे डॉक्टर अरविंद चोप्रा यांनी गुडघ्यांसाठी आयुर्वेदाची औषधं रीतसर तपासली. वजनाचा भार आणि तो धुमसता दाह, दोन्ही शेवटी बाईच्या गुडघ्यात उतरतात हे मी तुम्हाला काय सांगणार. पायरी चढून स्थानकात जाणं आणि सामायिकाला जमिनीवर बसणं यातच सगळं आलं. त्यांनी सुंठ, गुळवेल, आवळा, सालई गुग्गुळ यांच्या अर्कांची मिश्रणं घेतली. सालई वेगळी, आपल्याकडच्या कोरड्या डोंगरात वाढणारी, धुपाच्या जातीतली. ४४० रुग्ण, चोवीस आठवडे. काहींना आयुर्वेदाची औषधं, काहींना ग्लुकोसामीन, काहींना सेलेकॉक्सिब ही नेहमीची वेदनाशामक गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. २०१३ साली निकाल छापला गेला. वेदना कमी करण्यात आयुर्वेदाची औषधं त्या गोळ्यांच्या तोडीस तोड ठरली.

आपल्या गावाजवळच्या माणसांनी हे केलं म्हणून ऊर भरून येतो. पण त्याच लेखात आणखी एक ओळ आहे, आणि ती त्यांनी लपवली नाही. आयुर्वेदाचं औषध घेणाऱ्या सात जणांच्या रक्तात यकृताचं एस.जी.पी.टी. वाढलेलं आढळलं. त्रास काही नव्हता, औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झालं. पण तपासणी होत होती म्हणूनच ते कळलं.

आमच्या घरी तपासणी होत नव्हती.

२०२० च्या त्या वर्षी घरोघर काढे उकळत होते, आठवतं ना? मीही रोज पातेलंभर गुळवेलीचा काढा करत होते. धाकट्या जावेचं वजन लॉकडाउनमध्ये वाढलं होतं, गुडघे सुजले होते. तिला मी काढा तर देतच होते, वर गुळवेलीच्या गोळ्या सुरू केल्या. आणि एका कंपनीच्या चरबी उतरवणाऱ्या कॅप्सूलही. त्या कॅप्सूल मी आमच्या मंडळातल्या बायकांना घाऊक भावात आणून देत होते. त्यात थोडं कमिशन होतं, ते मी पांजरपोळीला देत होते, म्हणजे मनाला बरं वाटत होतं. तीन महिन्यांनी जावेला अन्न नकोसं झालं, मग डोळे पिवळे. नगरच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “काय काय घेता?” ती म्हणाली, “काही नाही, फक्त आयुर्वेदिक.” मी शेजारी उभी होते. ते “फक्त” मीच तिला शिकवलं होतं.

सगळं बंद केलं. तीनेक आठवड्यांत उतार पडला, दोन महिन्यांत रक्त ठीक झालं. नक्की कशाने झालं हे कुणीच ठामपणे सांगू शकलं नाही, कारण तीन गोष्टी एकदम चालू होत्या. पुढच्या वर्षी वाचलं की मुंबईच्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागरल आणि सहकाऱ्यांनी २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांना कावीळ झाल्याचं छापलंय. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, म्हणाले ती गुळवेलीची दुसरी, दिसायला सारखी जात असावी. असेलही. पण मी कुंपणावरून जी वेल तोडत होते ती कोणत्या जातीची, हे मला तरी कुठे माहीत होतं?

आणि आता ज्यासाठी मी हा सगळा प्रपंच मांडला ती गोष्ट. जाऊ बरी झाल्यावर एका चातुर्मासात मी महासतीजींना हे सगळं सांगितलं. त्यांनी रागावल्या नाहीत, एवढंच विचारलं, “बत्तीस अनंतकाय येतात ना तुम्हाला?” मला वाटलं येतात. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, ओलं आलं, ओली हळद. घरी येऊन यादी काढली. त्यात गळो आहे. गळो म्हणजे गुळवेल! तोडून कुंपणावर टांगली तरी हवेवर जगते आणि नवी फुटते, म्हणून. त्यात कुंवार आहे, म्हणजे कोरफड. शतावरी आहे. मैत्रिणींनो, हल्ली बायकांसाठी म्हणून ज्या बाटल्या सर्वांत जास्त खपतात त्यांतल्या तिन्ही वनस्पती आपल्या यादीत आहेत. बटाटा सोडल्याचा अभिमान बाळगणारी मी रोज सकाळी पातेलंभर अनंतकाय उकळून घरादाराला पाजत होते. वर कॅप्सूलचं वेष्टन जिलेटिनचं. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं, आणि औषधांवर हिरवा-लाल ठिपका छापण्याची सक्ती नाही. मेनका गांधींनी २०१६ च्या सुमारास वनस्पतीजन्य कॅप्सूलचा आग्रह धरला होता तो यासाठीच.

वाळलेल्या सुंठीला आणि हळदीला आपल्याकडे मुभा आहे. मग वाळवलेल्या गुळवेलीच्या चूर्णाचं काय, आजारपणात आगार किती, हे प्रश्न मी महासतीजींना विचारले आणि त्यांनी समजावून सांगितलं. ते तुम्ही आपापल्या गुरुणींना विचारा. माझ्यासारख्या बाईने ते लिहून ठरवायचं नाही. वैद्यकाचा प्रश्न तर मुळीच नाही. कुणाची चालू गोळी माझा लेख वाचून बंद करू नका.

जाऊ सध्या कसलाही अर्क घेत नाही. तिने उनोदरीचं पच्चक्खाण घेतलंय, जेवणात एक घास कमी, आणि चौविहार. सूर्यास्तानंतर आम्ही दोघी पाझर तलावाच्या बांधावर चालायला जातो. तिचा वेग माझ्यापेक्षा जास्त असतो. मागच्या महिन्यात कमरेची टेप दोन इंच आत आली, गुडघा मात्र जिना उतरताना अजून बोलतो. रोज रात्री ती तिची एस.जी.पी.टी.ची जुनी चिठ्ठी असलेली फाईल कपाटात आहे ना, हे बघते. मी पाहिलंय, पण तिला तसं सांगितलं नाही.

दुकानाच्या मागच्या फळीवर त्या कॅप्सूलचे अकरा डबे शिल्लक होते. कंपनीने परत घेतले नाहीत. मुलगा म्हणाला, “आई, तारीख आहे अजून, विकून टाकू.” मी बापूजींचा रोजमेळ त्याच्यासमोर उघडून ठेवला, होळीचं पान. त्याने ती रक्कम कोणत्या खात्यावर टाकायची म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्या.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.